टायर कुठला घ्यावा? आधी रस्ता सांगा!

आपल्याकडे गाडी घेताना सगळं घर चर्चेत असतं. रंग कुठला, सीटकव्हर कसले, मागे कॅमेरा आहे का, डिकीत किती बॅगा मावतात... पार पाच वर्षांच्या नातवापासून सगळ्यांना मत असतं. चार-पाच वर्षांनी टायर बदलायची वेळ आली की मात्र सगळे गप्प. मग कोणीतरी एकटाच शनिवारी दुकानात जातो, "चांगले टाका हो" म्हणतो, दुकानदाराकडे त्या दिवशी जे असतील ते टाकून येतो. माझ्या मते हे अगदी उलटं आहे. सीटकव्हर एकट्याने ठरवा, टायर सगळ्यांनी मिळून ठरवा! कारण गाडी एवढी मोठी दिसली तरी रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढीच.

आता तुम्ही म्हणाल, ही भूगोलाची बाई, हिला टायरमधलं काय कळतं? बरोबर आहे. पण १९८७ साली मी फियाटवर गाडी शिकले, तेव्हापासून चालवते आहे (रात्रीची चालवणं मात्र आता बंद केलंय). आणि खरं सांगू का, टायर हा विषय निम्मा भूगोलाचाच आहे. पाऊस किती, ऊन किती, रस्ता डांबरी की सिमेंटचा, घाट की सपाटी. उरलेला निम्मा माणसाच्या स्वभावाचा. शाळेत तीस-बत्तीस वर्षं काढल्यावर स्वभावाचीही थोडीफार पारख होतेच!

घरातल्या मंडळींचा मला नेहमी येणारा प्रश्न म्हणजे "कुठल्या कंपनीचे घेऊ?" मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, ब्रिजस्टोन, मिशेलिन... यातली प्रत्येक कंपनी दहा प्रकारचे टायर बनवते. एखादा जास्त टिकावा म्हणून कडक रबराचा, एखादा ओल्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून, एखादा आवाज कमी यावा म्हणून, एखादा खडबडीत रस्त्यासाठी. नुसतं कंपनीचं नाव विचारणं म्हणजे साडी लग्नात नेसायची की स्वयंपाकघरात ते न सांगता फक्त दुकानाचं नाव विचारण्यासारखं आहे. आयएसआयचा शिक्का टायरवर हवाच, ते कायद्यानेच बंधनकारक आहे. तो असला की पुढचा प्रश्न "कुठल्या कंपनीचा" हा नसून "मी कुठे, कधी आणि कशी गाडी चालवते" हा असायला हवा.

आमच्या फियाटच्या काळात हा प्रश्न नव्हताच म्हणा. ट्यूबवाले क्रॉस-प्लाय टायर मिळत, जे मिळतील ते घालायचे. रेडियल टायर मिशेलिनने १९४९ च्या सुमारास युरोपात आणला, आपल्याकडे जेकेने १९७७ साली बनवायला घेतला, आणि घरोघरी पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. आता निवड भरपूर आहे, आणि निवड आली की विचार करणं आलं. असो.

पावसाचा टायर

माझं माहेर लांज्याकडचं, सासर कोल्हापूरचं. म्हणजे आंबा घाट माझ्या पाचवीलाच पुजलेला. कोल्हापुरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घाट उतरून रत्नागिरीकडे गेलात की तीन हजारांच्या वर, आंबोलीला तर सात हजारांच्या आसपास. आणि इकडे माण-आटपाडीकडे गेलात तर पाचशेच्या आसपास. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक! मग आटपाडीच्या माणसाला चालणारा टायर लांज्याच्या माणसाला चालेलच असं कसं म्हणता येईल?

टायरवर जी नक्षी असते ती शोभेची नाही. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर तिचं फारसं काम नसतं. शर्यतीच्या गाड्या कोरड्या दिवशी बिननक्षीच्या टायरवरच पळतात. नक्षीच्या चरांचं काम आहे पाणी बाजूला सारण्याचं. नव्या टायरला हे चर साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. कायद्याने मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर लागतात. चरांच्या तळाशी मधून मधून छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला असं समजायचं. पण माझं मत विचाराल तर कोकणात, घाटात राहणाऱ्याने १.६ ची वाट बघूच नये. तीन मिलिमीटर उरले की जूनच्या आधी टायर बदलावेत. कायदा सांगतो ती शेवटची पायरी झाली. पस्तीस मार्कांना पास होता येतं म्हणून कोणी पस्तिसाचाच अभ्यास करत नाही ना?

चर पाणी सारू शकले नाहीत की चाक पाण्याच्या थरावर चढतं, आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्हीचा उपयोग संपतो. विमानं ओल्या धावपट्टीवर का घसरतात याचा अभ्यास करताना अमेरिकेत नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात एक ठोकताळा काढला. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्यायचं आणि साधारण १७ ने गुणायचं, की ज्या वेगाला चाक साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागेल तो ताशी किलोमीटरमधला वेग येतो. हे झिजलेल्या टायरबद्दल आहे, नवा टायर पाणी सारत असल्यामुळे जास्त वेळ तग धरतो. आता गणित करून बघा. ३२ पीएसआय हवा असेल तर वेग येतो ९५ च्या आसपास. हवा २५ वर आलेली असेल तर ८५. म्हणजे नुसती हवा कमी असली तरी दहा किलोमीटर आधीच गाडी हातातून जाते. आणि हा ठोकताळाच आहे बरं का, पाणी किती साचलंय, नक्षी किती उरलीय यावर तो खाली-वर होणारच. मी तर पावसात साठच्या वर जातच नाही, मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

पावसाबद्दल आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे रुंद टायर ओल्या रस्त्यावर जास्त पकडतो हा समज. साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगतो. दुसरी, दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे टाकायचे. बहुतेक दुकानदार पुढे टाकायला बघतात, कारण इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांची. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ पुढे जाते, आपण वेग कमी करून तिला सावरू शकतो. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि आंबा घाटात फिरायला जागा कुठे आहे? टायर कंपन्याही हेच सांगतात, नवे मागे.

उन्हाचा टायर

मुलगी नागपूरला दिली आहे. मे महिन्यात तिकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. तिकडे आणि आमच्याकडेही एक समजूत घट्ट बसलेली आहे की उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. ऐकायला पटतं. हवा तापते, फुगते, म्हणून आधीच कमी ठेवा. पण होतं नेमकं उलटं! हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम होते ना, तसंच हे. जास्त दबणं म्हणजे जास्त उष्णता, आणि या उष्णतेनेच आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. हवा तापून दाब वाढतो तो किती? सकाळी थंड असताना ३३ भरलेली असेल आणि टायर पंचवीस अंशांनी तापला तर साधारण चार पीएसआय वाढतात. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरूनच आकडा दिलेला असतो. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तिथे बहुधा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. सहा माणसं, वर बॅगा, मधे मोदकाचं सामान अशी गणपतीला जाणारी गाडी दुसऱ्या आकड्यात मोडते. आणि हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. शंभर किलोमीटर जाऊन पंपावर थांबलात आणि आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडलीत, तर तुम्ही आपल्या हाताने कमी हवेचा टायर तयार केलात.

पंपावर नायट्रोजन भरा म्हणून आग्रह करतात. भरायचा तर भरा, काही बिघडत नाही. पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे आम्ही पाचवी-सहावीला शिकवत होतो. त्याच्यापेक्षा पंधरा दिवसांनी साधी हवा तपासणं शतपटीने बरं.

नागपूरचा विषय निघाला की समृद्धी महामार्ग आलाच. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर झाला. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, सिमेंटचा सरळ रस्ता. सुरुवातीच्या काळात टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या. लोक सिमेंटच्या रस्त्याला दोष देत होते. मला वाटतं रस्त्याने फक्त परीक्षा घेतली. गावात चाळीसच्या वेगाने फिरताना जो टायर आपलं दुखणं लपवत होता, तो तासन् तास शंभर-सव्वाशेच्या वेगाने तापल्यावर उघडा पडला. अशा प्रवासासाठी टायरवरची अक्षरं वाचायला शिकलंच पाहिजे.

ती अवघड नाहीत. समजा टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलंय. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ इंची रिम. ८८ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल असा. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०. तुम्ही म्हणाल २१० ने कोण जातंय? कोणी जाऊही नये! पण वेगाचं अक्षर म्हणजे एका अर्थी उष्णता सोसण्याची परीक्षाच असते. म्हणून गाडीबरोबर आलेल्या अक्षरापेक्षा आणि वजनाच्या आकड्यापेक्षा खालचा टायर कधीही घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

थंडीचा टायर

भाचा माँट्रियलला असतो. तो वर्षातून दोनदा टायर बदलतो, हे ऐकून आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "काय उधळेपणा!" पण त्यांच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. पारा सात अंशांच्या खाली गेला की साधं रबर कडक होतं, बर्फ नसला तरीही पकड सुटायला लागते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं. जर्मनीतही बर्फ असताना असेच टायर लागतात, ऑक्टोबर २०२४ पासून तिथे हे चित्र असलेलेच चालतात.

मग आपण का नाही वापरायचे? कारण तेच मऊ रबर आपल्या उन्हाळ्यात भराभर झिजेल, आणि तापलेल्या रस्त्यावर ब्रेक लावताना लिबलिबीत वागेल. परदेशातून आलेली चांगली वस्तू इथेही चांगलीच असते असं नाही. आपल्याकडे कोल्हापुरात काय, महाबळेश्वरला काय, हिवाळी टायरची गरज नाही. भाच्याला तिकडे जे शहाणपण, तेच आपल्याला इकडे उधळेपण. भूगोल म्हणतात तो हाच!

आता स्वभाव

हवामान सगळ्या गावाला सारखं, पण गाडी चालवण्याची रीत घरागणिक वेगळी. आमच्याच घरातले नमुने सांगते (राग मानू नका रे).

आमच्या धाकट्या जाऊबाईंची गाडी महिन्याला दोनशे किलोमीटरही फिरत नाही. अंबाबाईचं देऊळ, भाजी, डॉक्टर. त्यांचे टायर नऊ वर्षांचे आहेत आणि त्या कौतुकाने सांगतात, "बघा, नक्षी अजून नव्यासारखी!" नक्षी नवी असेल हो, पण रबर म्हातारं झालंय. ऊन, हवा आणि नुसतं उभं राहणं यानेही रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. टायरचं वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं. बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधी कधी ते आकडे आतल्या बाजूला असतात, वाकून बघावं लागतं. बऱ्याच टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाव्या वर्षी काहीही झालं तरी काढा असं सांगतात. आपल्या उन्हात मी स्वतः सहा वर्षं ही मर्यादा धरते. कमी चालणाऱ्या गाडीला फार टिकाऊ, महागडा टायर घेण्यात अर्थ नाही. साधा, आरामशीर, पण ताज्या तारखेचा घ्यावा.

तारखेवरून आठवलं. मागे एका दुकानात टायर घ्यायला गेले होते. मुलाने चार टायर आणून ठेवले. मी चष्मा लावून आकडे वाचले तर दोन त्या वर्षीचे आणि दोन तीन वर्षांपूर्वीचे. म्हटलं, हे दोन बदलून दे. तो म्हणाला, "काकू, टायरला काय होतंय, लोणचं आहे का ते?" मी म्हटलं, "लोणचं असतं तर जुनं घेतलं असतं!" बदलून दिले बापड्याने. सांगायचा मुद्दा, विचारलं की मिळतं. विचारत कोणी नाही.

दुसरा नमुना आमचा पुतण्या. दर आठवड्याला पुणे-मुंबई, आणि पाय जड. त्याला टिकाऊपणाचा टायर नको, पकडीचा हवा. ओल्या रस्त्यावर लवकर थांबणारा, वजनाचा आणि वेगाचा आकडा पूर्ण असलेला. असे टायर थोडे लवकर झिजतात, झिजू देत. पन्नास हजार किलोमीटर चालेल असा टायर घेऊन चाळीस फूट पुढे जाऊन थांबण्यापेक्षा, पस्तीस हजार चालणारा घेऊन वेळेत थांबावं. २०२२ साली केंद्र सरकारने टायरसाठी तीन कसोट्या बंधनकारक केल्या, ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळताना होणारा रोध आणि आवाज. हे चांगलंच झालं. पण ही किमान पातळी आहे, त्याच्या वर किती जायचं ते आपण ठरवायचं.

तिसरे आमचे गडहिंग्लजकडचे भाऊजी. शेतापर्यंत गाडी नेतात, खडीचा रस्ता, उसाच्या ट्रॉल्यांनी पडलेल्या चाकोऱ्या. त्यांना उंच आणि जाड बाजूचा टायर हवा, दगड लागला तरी फुगा न येणारा. फुगा म्हणजे टायरच्या बाजूला येणारं टेंगूळ. तो आला की आतले दोरे तुटले असं समजायचं, त्याला पॅच नाही, तो टायर गेला.

चौथे शेजारचे, त्यांनी नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरीमुळे ती त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते, आणि पाय दाबताच जोर एकदम येतो. म्हणून तिचे टायर लवकर झिजतात. तिला वजनाचा आकडा बघूनच टायर घ्यावा, दुकानदार "हाच साइज आहे" म्हणाला तरी.

आणि झिजलेला टायर आपल्याबद्दल बरंच सांगतो हं! मधेच जास्त झिजला असेल तर हवा जास्त ठेवता, दोन्ही कडांना झिजला तर कमी ठेवता, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट बिघडलंय. वहीवरून मुलाची ओळख पटावी तसं आहे. जुने टायर काढले की फेकण्याआधी एकदा वाचावेत, नाहीतर नव्यांचीही तीच गत.

मोठ्या रिमची हौस

तरुण मंडळींना मोठी चाकं, रुंद टायर यांची हौस असते. दिसतं छान, ते मी नाकारत नाही. पण थोडं गणित करा. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास येतो साधारण ६२१ मिलिमीटर. त्याच रिमवर २०५/६५ घातला तर ६४७. चार टक्के मोठा. म्हणजे काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी शंभरच्या जवळ चार किलोमीटर जास्त पळत असेल. वर तो मडगार्डला घासणार, स्टिअरिंग जड होणार, पेट्रोल जास्त जाणार. आणि रिम मोठी करून बाजू बारीक केली तर आपल्या खड्ड्यांत रिम वाकणार. बदलायचाच असेल तर कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेला आकार घ्यावा, स्वतःचं डोकं चालवू नये.

स्टेपनीकडेही बघा. २०२० साली नियम बदलला, ट्यूबलेस टायर, पंक्चर काढायचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर आता स्टेपनीची सक्ती नाही. काही गाड्यांत बारकी स्टेपनी असते, तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ती घालून कोणी कोल्हापूर ते पुणे शंभरने जाऊ नये. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी आहे.

"आम्ही काय मेलो का?"

हे सगळं सांगितलं की आमच्या वयाची मंडळी म्हणतात, "आम्ही आयुष्यभर गोटा झालेल्या टायरवर गाड्या चालवल्या, आम्हाला काय झालं?" यात थोडं खरंही आहे. गाडी जपून चालवणारा माणूस हीच पहिली सुरक्षितता. कितीही भारी टायर घाला, मोबाइलवर बोलत घाटात ओव्हरटेक करणाऱ्याला तो वाचवणार नाही. पण तेव्हाचा वेग आठवा. आमची फियाट साठच्या पुढे गेली की दरवाजेच बोलायला लागायचे! दुपदरी रस्ता, तासाला दोन-चार ट्रक. आज तोच माणूस, तेच डोळे, आणि वेग दुप्पट. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं. जुन्या काळच्या सवयी जुन्या काळच्या वेगालाच ठीक होत्या.

दुसरं म्हणणं पैशाचं. ते मला कळतं, आम्हीही पेन्शनीतलीच माणसं. चार टायर म्हणजे वीस-बावीस हजार सहज जातात. (२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेवढाच दिलासा.) पण हा खर्च पाच वर्षांत एकदाचा आहे. महिन्याला चारशे रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यात आता दोन माणसांचं हॉटेलात जेवणही होत नाही.

आता खरं म्हणजे ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. सत्तरी ओलांडली की आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गाडीत बसतो. मुलाच्या, जावयाच्या, नाहीतर भाड्याच्या. टायर कोणी दुसऱ्याने ठरवलेले असतात आणि जीव आपला असतो. मागे नातवंडं असतात, त्यांना तर कोणी विचारतच नाही.

मागच्या जुलैत घरातल्या एका साखरपुड्याला रत्नागिरीला जायचं होतं. भाड्याची गाडी आली, चकचकीत, आत अत्तराचा वास. मी मागे जाऊन वाकून बघितलं तर मागचे दोन्ही टायर गुळगुळीत, चरांतले उंचवटे रबराच्या बरोबरीला आलेले. बाहेर पाऊस धो धो. मी म्हटलं, या गाडीतून मी घाट उतरणार नाही आणि ही तीन पोरंही उतरणार नाहीत. ड्रायव्हर चिडला, घरचे कानकोंडे झाले. "आता मुहूर्ताच्या वेळेला हे काय काढलंस?" असंही झालं. शेवटी गाडीमालकाने दुसरी गाडी पाठवली, आम्ही दीड तास उशिरा पोचलो आणि दिवसभर सगळ्यांनी मला टोमणे मारले. पहिली गाडी घसरलीच असती असं मी म्हणत नाही. कदाचित ती सुखरूप जाऊन आलीही असती. हीच तर या गोष्टीची अडचण आहे. टाळलेला अपघात कोणाला दिसत नाही, उशीर मात्र सगळ्यांना दिसतो. तो उशीर पुन्हा झाला तरी मी पुन्हा तेच करेन.

माझं म्हणणं एवढंच आहे. मागच्या सीटवर बसणाऱ्याला विचारायचा हक्क आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो वापरायला हवा. आपला मान राखून तरी पोरं ऐकतील. त्यात "तुला गाडी चालवता येत नाही" असा आरोप नसतो. सून विचारते ना, "आई, बीपीची गोळी घेतलीत का?" तसंच जावयाला विचारायचं, "टायर कुठल्या सालचे आहेत हो? हवा कधी बघितलीत?" ड्रायव्हरला रागावून नाही, चहा पाजून विचारावं. आणि चालवणाऱ्यांनीही हा प्रश्न अपमान समजू नये.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी येत्या रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, पाच मिनिटं द्यावीत. चारही टायरची तारीख वाचून वहीत लिहावी. स्टेपनीचीही. चर बघावेत, बाजूच्या भेगा बघाव्यात, हवा मोजावी. वाकता येत नसेल तर नातवाला बोलवा, त्याला आकडे वाचायला मजा वाटते आणि त्याचीही शिकवणी होते. आणि कोणाच्या टायरवर किती जुनं साल निघालं ते मला जरूर कळवा. जाऊबाई, तुमचं मला ठाऊक आहे, तुम्ही फक्त नवे कधी टाकताय तेवढं सांगा.